तोंडाचा कॅन्सर वेळेत ओळखायचा कसा: घरच्या आरशापासून तुकड्याच्या रिपोर्टपर्यंत

तोंडाचा कॅन्सर उघड्या डोळ्यांना दिसतो. पोटातला किंवा फुप्फुसातला कॅन्सर शोधायला यंत्रं लागतात. तोंडासाठी आरसा, मोबाईलची टॉर्च आणि स्वच्छ धुतलेली बोटं पुरतात. तरीही आपल्याकडचे निम्म्याहून जास्त रुग्ण तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात दवाखान्यात पोचतात. भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार ओठ आणि तोंड मिळून एकट्या भारतात वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार नवे रुग्ण सापडतात.

उशीर होण्याचं सगळ्यात मोठं कारण साधं आहे: सुरुवातीला तो दुखत नाही. उष्णतेने तोंड आलं की जीव नकोसा होतो, घास घेता येत नाही, मग माणूस औषध शोधतो. कॅन्सरचा पहिला चट्टा झोंबत नाही, जेवण अडवत नाही. दुखायला लागतो तेव्हा बहुतेक वेळा तो खोल गेलेला असतो. म्हणून दुखण्याची वाट न पाहता तोंडात बघायची सवय लावायची आहे. ज्यांनी आजवर स्वतःच्या तोंडात कधी नीट डोकावून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी आपली जोखीम ओळखा

मळलेल्या तंबाखूचा बार, गुटखा, मावा, विदर्भात पन्नीत घोटून मिळणारा खर्रा, विडी, सिगारेट. ही यादी सगळ्यांना पाठ आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जवळजवळ एक चतुर्थांश प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरतात असं दिसलं. ओढणारे त्या मानाने फारच कमी निघाले. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा आणि मावा टपरीवर समोर तयार होतो आणि पुडी घरापर्यंत येते. सोबत दारू असेल तर धोका नुसता बेरजेने वाढत नाही, दोन्ही मिळून कितीतरी पट होतो.

लोक ज्याला व्यसनात धरत नाहीत अशा दोन गोष्टींवर मला जास्त बोलायचं आहे.

पहिली मशेरी. तंबाखू तव्यावर भाजून केलेली काळी पूड बायका दात घासायला म्हणून लावतात. सकाळी एकदा, मग दुपारी, मग काम उरकलं की पुन्हा. "तंबाखू खाता का?" असं विचारलं तर त्या मनापासून "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी तो दात घासण्याचा भाग असतो. शिबिरात अशा बाईचं नाव "व्यसन नाही" या रकान्यात जातं आणि तिचं तोंड कुणी उघडून बघत नाही. घरातल्या आजी, काकू, मावशी मशेरी किंवा तपकीर लावत असतील तर त्यांची तपासणी आधी करा. त्यांना कुणी विचारतच नाही, म्हणून त्या सगळ्यात मागे राहतात.

दुसरी सुपारी. तंबाखू अजिबात नसलेली, नुसती, सुगंधी, जेवणानंतर "पचायला" म्हणून घेतलेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली मऊ त्वचा हळूहळू ताठ, पांढुरकी, दोरीसारखी होत जाते. आधी तिखट सोसेनासं होतं, म्हणजे मिरचीचा ठेचा सोडाच, साधी आमटीसुद्धा जाळते. मग तोंड उघडणं कमी होतं. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. ही कॅन्सरआधीची अवस्था आहे आणि आज ती विशी-पंचविशीतल्या मुलांमध्ये दिसते. पूजेतली सुपारी पूजेत राहू द्या, मुलांच्या खिशात जाऊ देऊ नका.

आणि ज्यांना कुठलंच व्यसन नाही? त्यांनाही, विशेषतः जिभेच्या कडेला, हा कॅन्सर होऊ शकतो. प्रमाण कमी आहे, पण निर्व्यसनी माणूस निर्धास्त असल्यामुळे उशिरा येतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यांनाही लागू आहेत.

महिन्यातून एकदा: तोंडाची घरगुती तपासणी

महिन्याचा एक दिवस ठरवा. पगाराचा, एकादशीचा, जो लक्षात राहील तो. दात घासून, खळखळून चूळ भरून, हात साबणाने धुवून चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहा. कवळी असेल तर काढून ठेवा. तिच्याखाली लपलेला चट्टा ती बसवलेली असताना कधीच दिसणार नाही.

सुरुवात तोंड उघडण्यापासून करा. स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवून उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही बोटं आरामात गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर तोंड उघडणं कमी झालं आहे, आणि हे एवढं एकच कारण डॉक्टरकडे जायला पुरेसं आहे. मुलगा सुपारी किंवा खर्रा खातो असा नुसता संशय असेल तरी त्याला हसतखेळत ही तीन बोटं घालायला लावा.

मग ओठ. खालचा ओठ बाहेर ओढून आतली बाजू बघा, वरचा उचलून बघा. यात वेळ लागत नाही.

खरा वेळ गालांना द्या. आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा गालाच्या आतल्या बाजूला आणि गाल व हिरडीच्या मधल्या खाचेत होतो, कारण बार तिथेच धरून ठेवलेला असतो. खाणाऱ्याला आपली जागा माहीत असते: डावीकडे खाली, किंवा पुढे ओठामागे. ती जागा सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट बघा. बोटाने गाल बाहेर ओढा, टॉर्च मारा, ओठाच्या कोपऱ्यापासून अक्कलदाढेच्या मागेपर्यंत नजर न्या. अक्कलदाढेमागचा कोपरा घाईत हमखास सुटतो. मग एक बोट आत आणि अंगठा बाहेर असा गाल चिमटीत धरून पुढून मागे चाचपा. निरोगी गाल मऊ लागतो. कुठे कडक गाठ, जाड पट्टा किंवा खरखरीत भाग लागला तर त्याची जागा लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंची तुलना करा. एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, असा फरक महत्त्वाचा.

जीभ बाहेर काढा आणि सरळ येते का, की एका बाजूला वळते, ते बघा. स्वच्छ रुमालाने टोक धरून ती उजवीकडे ओढा, डावी कड मागेपर्यंत बघा, मग उलट. जिभेचा कॅन्सर बहुधा या कडांवरच होतो, वरच्या पृष्ठभागावर क्वचित. जिभेच्या मुळाशी असलेले मोठे गोल ठिपके बघून पहिल्यांदा अनेकजण घाबरतात. ते दोन्ही बाजूंना सारखे, रांगेत असतील तर ती जिभेची नेहमीची रचना आहे. आता जीभ टाळूला लावून खालची जागा बघा. तिथल्या निळसर शिरा सगळ्यांनाच असतात.

मान मागे टाकून टाळू बघा, "आ" म्हणत घशाच्या कमानी बघा. शेवटी बोटांच्या पेरांनी जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना चाचपा. घसा धरल्यावर येणाऱ्या गाठी दुखऱ्या आणि मऊ असतात, आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतात. न दुखणारी, कडक, वाढत जाणारी गाठ वेगळी. ती दाखवायलाच हवी.

पहिल्या वेळी सगळंच विचित्र वाटेल. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या महिन्यात ताडून बघायला त्यांचा फार उपयोग होतो आणि डॉक्टरलाही दाखवता येतात.

काय दिसलं तर थांबायचं नाही

पांढरा चट्टा, जो कापडाने पुसला तरी जात नाही. लाल मखमली चट्टा. हा पांढऱ्यापेक्षा दुर्मीळ आणि कितीतरी जास्त धोक्याचा. पांढरा आणि लाल मिसळलेला भाग. न भरणारी जखम, विशेषतः कडा उंच आणि कडक असलेली. विनाकारण रक्त. विनाकारण हलणारा एखादाच दात किंवा नीट बसणारी कवळी अचानक न बसणं. एकाच बाजूच्या कानात ठणका, आणि कान तपासला तर कानात काही नाही. ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, गिळताना अडकल्यासारखं वाटणं, आवाज बदलणं.

हलणाऱ्या दाताबद्दल एक विनंती. बाकीचे दात घट्ट असताना एकच दात हलायला लागला आणि त्याच्याभोवतीची हिरडी फुगलेली किंवा चरलेली दिसत असेल, तर "काढून टाका" असा आग्रह डॉक्टरकडे धरू नका. आधी एक्स-रे आणि तपासणी होऊ द्या. तिथे कॅन्सर असेल तर दात काढल्यावर ती जखम भरत नाही आणि भरण्याची वाट बघण्यात मोलाचे आठवडे जातात.

दोन आठवड्यांचा नियम

तोंड आलेलं, गाल चावलेला, गरम चहाने भाजलेलं, हे सगळं साधारण दोन आठवड्यांत बरं होतं. तुटलेल्या दाताची धार लागून जखम होत असेल तर आधी दंतवैद्याकडून ती धार घासून घ्या आणि मग दोन आठवडे मोजा. त्यानंतरही चट्टा, जखम किंवा गाठ तशीच असेल तर पंधराव्या दिवशी दाखवायला जा. दुखो वा न दुखो.

या दोन आठवड्यांचे सहा महिने कसे होतात ते सांगतो. मेडिकलवाला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायचं जेल देतो. थोडं बरं वाटतं. मग कुणी अँटिबायोटिकचा कोर्स सुचवतं, कुणी हळद-तूप, कुणी गावातली जडीबुटी. प्रत्येक उपायाला तीन-चार आठवडे दिले जातात आणि प्रत्येक जण चांगल्या मनानेच सल्ला देत असतो. म्हणून जखम पहिल्यांदा दिसली ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. औषध बदललं तरी तारीख बदलायची नाही.

कुणाकडे जायचं

जवळचा दंतवैद्य ही सगळ्यात सोपी पहिली जागा. कान-नाक-घसा तज्ज्ञही चालतील. दात दुखत नसला तरी "मला तोंडाची कॅन्सरसाठी तपासणी करून हवी आहे" असं स्पष्ट सांगा, म्हणजे डॉक्टर फक्त दुखऱ्या दाताकडे बघून थांबणार नाहीत.

पैशांची अडचण असेल तर सरकारी व्यवस्था वापरा, ती तुमच्यासाठीच आहे. कॅन्सर, मधुमेह अशा आजारांसाठीच्या सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी धरलेली आहे. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यात तोंड उघडायला त्रास, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा, आवाजातला बदल असे प्रश्न असतात. त्यांना खरी उत्तरं द्या, मशेरीसकट. तिथून उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढे ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे ही तपासणी अगदी कमी खर्चात होते.

"नुसतं टॉर्च मारून बघून काय कळणार?" असं वाटत असेल तर केरळकडे बघा. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी, जे डॉक्टर नव्हते, घरोघरी जाऊन लोकांची तोंडं बघितली आणि संशयितांना पुढे पाठवलं. २००५ मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. साधन होतं टॉर्च आणि शिकलेली नजर.

तुकडा काढायला घाबरू नका

"गाठीला सुरी लावली की कॅन्सर पसरतो." या एका समजुतीने जितके रुग्ण मागे फिरवले असतील तितके खर्चानेही फिरवले नसतील. बायोप्सीने, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढल्याने, तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो मधल्या काळात, उपचाराविना. तुकडा काढल्यानंतर महिनाभराने गाठ वाढलेली दिसते, ती रुग्ण रिपोर्ट घेऊन घरी बसल्यामुळे.

प्रत्यक्षात काय होतं? दात काढताना देतात तसं भूल देणारं इंजेक्शन, काही मिलिमीटरचा तुकडा, गरज पडली तर एक-दोन टाके, आणि त्याच दिवशी घरी. काही दिवस मऊ आणि कमी तिखट खायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो आणि साधारण आठवड्याभरात रिपोर्ट येतो.

रिपोर्टसोबत त्या तुकड्याच्या काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही लॅबकडून मागून घ्या आणि जपून ठेवा. मोठी कॅन्सर रुग्णालयं त्या स्वतः पुन्हा तपासतात. नसतील तर दुसऱ्यांदा तुकडा काढावा लागू शकतो.

रिपोर्टमध्ये "डिस्प्लेशिया" लिहिलं असेल तर कॅन्सर झालेला नाही, पण पेशी बदलायला लागल्या आहेत. तो सौम्य, मध्यम की तीव्र यावर पुढचं ठरतं. "स्क्वॅमस सेल कार्सिनोमा" म्हणजे कॅन्सर. त्यापुढे "वेल", "मॉडरेटली" किंवा "पुअरली डिफरन्शिएटेड" असं असतं. तो पेशींचा प्रकार आहे, आजाराचा टप्पा नाही. "पुअरली" वाचून आशा सोडू नका आणि "वेल" वाचून वेळ काढू नका. टप्पा ठरतो गाठीच्या आकारावर, खोलीवर आणि मानेतल्या गाठींवर, त्यासाठी स्कॅन लागतात.

रिपोर्टमध्ये काहीच आढळलं नाही, पण जखम तशीच आहे, असंही होतं. तुकडा नेमका कमी बदललेल्या जागेतून आला असू शकतो. अशा वेळी पुन्हा तपासणी मागणं हा तुमचा हक्क आहे.

लवकर आणि उशीर यांतला फरक

पहिल्या टप्प्यात गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असते. शस्त्रक्रियेने ती आजूबाजूच्या निरोगी भागासह काढतात आणि अनेकांना पुढे किरणोपचार लागत नाहीत. माणूस बोलतो, जेवतो, कामावर जातो. पुढच्या टप्प्यात जबड्याचं हाड काढावं लागतं, ती पोकळी भरायला छातीचं मांस किंवा पायाचं हाड आणावं लागतं, नंतर सुमारे सहा आठवडे रोज किरणोपचार, ज्याला रुग्ण "लाईट" म्हणतात, आणि काहींना सोबत किमो. आजार तोच, भोगणं वेगळं.

लवकर सापडला तरी डॉक्टर मानेची शस्त्रक्रिया सुचवतात, तेव्हा "मानेत तर गाठ नाही, मग कशाला?" हा प्रश्न येतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलने याच प्रश्नावर मोठा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मानेतल्या ग्रंथी पहिल्याच वेळी काढलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ दिसल्यावर काढू, असं ठरवलेल्या गटात ६७.५ टक्के. तेव्हा हा सल्ला टाळू नका.

परळचं टाटा १९४१ पासून आहे आणि तिथे गर्दी मोठी असते. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय ही जवळची ठिकाणं आधी विचारात घ्या, कारण उपचार आणि नंतरच्या फेऱ्या महिनोन्‌महिने चालतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमो आणि किरणोपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात "आरोग्यमित्र" बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन खर्च सुरू होण्याआधीच त्यांना भेटा. आधी पैसे भरून नंतर योजनेतून मिळतील, या भरवशावर राहू नका.

सोडायचं कसं

तंबाखू थांबवल्यावर काही पांढरे चट्टे हळूहळू कमी होतात. सुपारीने ताठ झालेला गाल पूर्ववत होत नाही, पण आजाराचं वाढणं मंदावतं. सुरुवातीचे काही दिवस फार कठीण जातात: चिडचिड, झोप उडणं, पोट साफ न होणं. दोन-चार आठवड्यांत हे बरंच ओसरतं. १८०० ११ २३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, तिथे समुपदेशक व्यसन सोडायला मदत करतात. एका फोनने सुटत नाही, पुन्हा करा. कॅन्सरचं निदान झाल्यावर "आता सोडून काय उपयोग" असं म्हणणाऱ्यांनाही सांगा की सोडल्याने जखमा लवकर भरतात आणि दुसऱ्यांदा कॅन्सर होण्याचा धोका कमी होतो.

घरातला माणूस तयारच नसेल तर

बहुतेक घरांत अडचण इथेच असते. वडील ऐकत नाहीत, दादा हसण्यावारी नेतो, आजी म्हणते आता माझं काय राहिलंय. अशा वेळी व्यसनावर भाषण देऊ नका. तपासणी आणि व्यसन हे दोन विषय वेगळे ठेवा. "सोडा" म्हणालात की माणूस तोंड मिटतो. "फक्त एकदा बघू द्या" म्हटलं की बऱ्याचदा उघडतो. आपलं तोंड आधी त्यांना बघायला द्या, मग त्यांचं बघा. गावात लोक ओळखीच्या माणसांचं उदाहरण ऐकतात: आर. आर. आबा पाटील २०१५ साली, वयाच्या ५७ व्या वर्षी याच आजाराने गेले; शरद पवारांना २००४ मध्ये तोंडाचा कॅन्सर झाला, उपचार घेऊन ते पुन्हा कामाला लागले आणि तंबाखू-सुपारीविरुद्ध जाहीरपणे बोलत आले.

दवाखान्यात जाताना सोबत जा. एकटा माणूस बायोप्सीचं नाव ऐकून परत येतो, सोबत कुणी असेल तर थांबतो. रिपोर्ट आणायलाही तुम्हीच जा आणि त्याच दिवशी तो डॉक्टरला दाखवा. चट्टा साधा निघाला तर पुढच्या तपासणीची तारीख तिथेच विचारून घ्या: चट्टा असलेल्यांना साधारण तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात. ज्यांना चट्टा नाही पण व्यसन आहे, त्यांनी वर्षातून एकदा दंतवैद्याकडे तोंड दाखवावं, आणि व्यसन सुटल्यानंतरही काही वर्षं हे चालू ठेवावं.